घाटातला मुक्काम

मनुष्य जितक्या वास्तू उभारतो त्यांत ज्या वास्तूत तो स्वतः कधी निजणार नसतो, जिच्यात निजणाऱ्याचे नाव, गाव वा कूळ त्याला कधी कळणार नसते, आणि जिच्या भिंतीला पाठ टेकून विसावलेला मुसाफर पहाटेस बोजा उचलून निघाला म्हणजे तिच्याकडे वळूनही पाहणार नसतो, अशी वास्तू म्हणजे वाटेवरचे विश्रांतिस्थान. राजवाडे वैभवासाठी उभे राहतात, दुर्ग भयापोटी आणि देवालये श्रद्धेपोटी. परंतु अनोळखी माणसाच्या एका रात्रीची चिंता वाहून कुणी खर्चात पडावे, ही गोष्ट राज्यसंस्थेच्या साऱ्या इतिहासात मला अत्यंत आदरणीय वाटत आली आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माची जी विस्तृत नोंद कोरवून ठेवली आहे, ती वाचताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा तीन लक्ष गाईंच्या दानावर खिळते. माझी मात्र दरवेळी त्याच्या पुढच्या मजकुरावर जाऊन थांबते. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर उतारूंसाठी विनामोबदला नावा ठेवल्या. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसावयास मंडप व प्यावयास पाणी यांची तजवीज केली. दोन्ही तीरांवर, हे विशेष. नाव येईपर्यंत अलीकडच्या काठावर खोळंबलेल्या माणसाला सावली हवी, आणि पलीकडे उतरल्यावर ओल्या कपड्यांनिशी क्षणभर टेकावयासही जागा हवी, हे ज्याच्या ध्यानी आले त्याने एक तर स्वतः सामान्य माणसासारखा प्रवास केलेला असला पाहिजे, किंवा प्रवास केलेल्या सामान्य माणसाचे गाऱ्हाणे मन लावून ऐकलेले असले पाहिजे.

त्या चौसोपी वास्तूंपैकी आज एकही उभी नाही. जे विटालाकडाचे होते ते कालौघात गेले. पण सह्याद्रीत, उषवदाताच्याही आधीचे, असे एक विश्रांतिस्थान शिल्लक आहे की जे बांधलेले नसून खोदलेले आहे आणि म्हणूनच शिल्लक आहे. त्या नाणेघाटातल्या लेण्यात एक रात्र मुक्काम करण्याचा योग मला आला.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जो रस्ता जातो त्यावर वैशाखरे नावाचे गाव आहे. तेथून पायवाट धरली की प्रथम भाताची खाचरे, मग ऐनाचे आणि सागाचे रान, आणि मग एकाएकी समोर सह्याद्रीची ती अभेद्य भिंत उभी राहते, जिच्याकडे पाहून येथून वर जाण्यास मार्ग असेल यावर नवख्या माणसाचा विश्वास बसू नये. मार्ग आहे, त्या भिंतीला निसर्गाने एक चीर दिली होती, ती माणसाच्या छिन्नीने रुंद केली, तिच्यात पायऱ्या घातल्या, फरसबंदी केली, आणि सोपारा व कल्याण या बंदरांवर उतरलेला माल सुमारे अडीच हजार फूट वर चढवून जुन्नरच्या आणि तेथून पुढे पैठणच्या पेठेत नेण्याची सोय केली. एका अंगाला नानाचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कडा आणि पलीकडे जीवधनचा किल्ला अशा पहाऱ्यात ही वाट वर चढते.

वैशाखऱ्यापासून माझ्यासोबत घाटघरचा एक वृद्ध गृहस्थ होता. जातीने महादेव कोळी, अंगाने काटक, डोईवर मिठाची आणि सुकटीची गाठोडी. कोकणातला बाजार करून तो आपल्या गावी परतत होता. मोटारीने माळशेज चढून लांबच्या वळणाने जाण्यापेक्षा बापजाद्यांची ही वाट त्याला जवळची वाटे. त्याच्या डोईवरच्या त्या गाठोड्याकडे पाहत मी चढत असता माझ्या मनात आले की समुद्राकाठचे मीठ आणि मासळी या पायऱ्यांवरून देशावर नेणारी जी रांग दोन सहस्र वर्षांपूर्वी सुरू झाली, तिचा अद्याप न तुटलेला शेवटचा माणूस माझ्यापुढे चार पावलांवर चालला आहे.

माथा जवळ आला तशी वाटेच्या कडेला कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागली. म्हाताऱ्याने गाठोडी उतरवली, ओंजळीने पाणी बाजूला सारून वरचा पाचोळा दूर केला, आणि प्रथम मला म्हणाला, ‘‘प्या मास्तर. हितलं पानी उन्हाळ्यात बी थंडगार ऱ्हातं.’’ त्या पाण्याची शीतलता मी वर्णन करीत नाही. चढाच्या अखेरीस मिळालेल्या पाण्याविषयी कुणीही प्रामाणिकपणे लिहू लागला तर ते अतिशयोक्त वाटते. पण तेथल्या एका टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत एक त्रोटक लेख आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले, इतकाच त्याचा आशय. हा गोविंददास राजा नव्हे, अमात्य नव्हे, पदवी वा बिरुद त्याच्या नावामागे नाही. सोपाऱ्याचा माणूस म्हणजे बहुधा या घाटाने माल नेणारा व्यापारी. स्वतःच्या जिभेला याच चढावर कोरड पडली असेल, आणि नफा हाती आल्यावर त्याने त्या कोरडेचे स्मरण ठेवले असेल.

टाक्यांच्या वरच्या अंगाला, कोकणाकडे तोंड करून, ते लेणे आहे. सुमारे तीस फूट लांबरुंद असा एकच दिवाणखाना. ना चैत्य, ना स्तूप, ना भिक्षूंच्या कोठड्या. तीन भिंतींना लागून कातळातच राखलेले बाक. ज्याने कार्ले, भाजे वा खुद्द जुन्नरची लेणी पाहिली आहेत त्याला हे लेणे अगदीच अनलंकृत वाटेल. परंतु ते पूजेसाठी नाही, एकांतासाठीही नाही, घाट चढून आलेल्या माणसाने पाठ टेकावी म्हणून आहे, हे त्या बाकांच्या रुंदीवरूनच ध्यानात येते.

सूर्य समुद्राकडे कलला तसा प्रकाश आडवा होऊन थेट आत शिरला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरील अक्षरे उठून दिसू लागली. हाच तो राणी नागनिकेचा प्रख्यात शिलालेख. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस तो पडला आणि पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या परिश्रमांनी त्याचा अर्थ उलगडला. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला हा लेख सातवाहन कुलाच्या आरंभकाळाचा मुख्य आधार होय. धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार दिक्पाल यांना वंदन करून तो आरंभतो, आणि मग राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम अशा यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची गणती सुरू होते. गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण. एके ठिकाणी २४,४०० असा आकडा आहे, आणि हे आकडे ज्या चिन्हांनी लिहिले आहेत ती भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी असल्यामुळे गणिताच्या इतिहासातही या भिंतीला मान आहे. मागच्या भिंतीवर राजपरिवाराच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व श्री सातकर्णी, राजपुत्र आणि एक महारठी अशी नावे त्यांच्या माथ्यावर कोरली आहेत. मूर्ती आता नाहीत. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

त्या लेखात राणीचे जे वर्णन आहे ते मला विलक्षण हृद्य वाटते. तिने महिनामहिना उपवास केले, घरात राहून तापसीचे आयुष्य कंठले, व्रताचरणात आणि ब्रह्मचर्यात काळ घालविला, असे तो लेख सांगतो. पतिनिधनानंतर राज्याची धुरा हाती आलेली, मुलगे लहान असलेली एक विधवा राणी, जिने स्वतः अन्न वर्ज्य केले, तिचे नाव जिथे वाटसरूंनी शिदोरी सोडावी अशा ठिकाणी कोरलेले आहे.

अंधार पडला. लेण्याच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडून म्हाताऱ्याने काटक्या पेटविल्या, मूठभर सुकट निखाऱ्यावर भाजली, आणि कोकणातून बांधून आणलेली तांदळाची भाकरी तिच्याबरोबर माझ्यापुढे ठेवली. मी माझ्या पिशवीतला गूळ आणि शेंगदाणे पुढे केले. जेवणे उरकल्यावर मी त्याला विचारले, ‘‘बाबा, घाटघर इथून हाकेवर. तुम्ही घरी का नाही जात?’’ तो म्हणाला, ‘‘रातच्याला वाघराचं भ्या आसतं. आन् तसं बी, आमचा आजा हितंच पडायचा, बाप हितंच पडायचा. घाट चढला की हितं पडायचं, ही रीतच हाय.’’ एवढे बोलून तो घोंगडीवर आडवा झाला आणि त्याला तत्काळ झोप लागली.

मला लागली नाही. थंड कातळावर सतरंजी अंथरून पडलो असता, ज्या दगडाला माझी पाठ लागली आहे त्यालाच ज्यांच्या पाठी लागून गेल्या त्यांचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एका ग्रीकभाषी नाविकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या वृत्तांतात सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. त्या बंदरांवर उतरलेल्या मालाचे ओझे पाठीवर घेऊन आलेले हमाल येथे निजले असतील. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, असे तेथले लेख सांगतात. हे यवन समुद्रमार्गे आलेल्या माणसांचे वंशज असोत वा स्वतः आलेले असोत, त्यांपैकी कुणी या वाटेने चढला असेल आणि गोविंददासाचे पाणी पिऊन पुढे गेला असेल, अशी कल्पना मला त्या रात्री फार प्रिय वाटली. परमुलखातून आलेल्या माणसाने या भूमीत अन्नाचा मंडप आणि पाण्याचे टाके द्यावे, याहून या भूमीने त्याला आपलेसे केल्याची दुसरी साक्ष कोणती हवी?

आणि भिंतीवरच्या त्या अक्षरांविषयी त्या निजणाऱ्यांना काय वाटत असेल? ज्यांनी ओझी वाहिली त्यांतल्या फार थोड्यांना ती वाचता येत असतील. २४,४०० कार्षापणांची गणती उशाशी असूनही ते दिवसाच्या मजुरीचा हिशेब मनाशी करीत निजले असतील. तरीही मला ही भिंत त्यांच्याशी अगदीच असंबद्ध वाटत नाही. कारण ते कार्षापण आले कोठून, याचे उत्तर याच घाटात, लेण्यापासून थोड्या चढणीवर उभे आहे.

घाट संपतो तेथे, माथ्यावर, एक प्रचंड दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण अशीच त्याची परंपरेने ख्याती आहे. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक मालवाहूने आपल्या मालावरची जकात त्यात टाकावी आणि मग पुढे जावे. बंदर आणि पेठ यांच्यामधला हा अरुंद दरवाजा ज्याच्या हाती त्याच्या हाती खजिना, हे ओळखूनच या घाटाच्या सभोवती जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले उभे राहिले. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात जो प्रदीर्घ संघर्ष झाला त्याच्या मुळाशीही या बंदरांचा आणि या घाटांचा महसूल होता. ‘पेरिप्लस’चा कर्ता सांगतो की कल्याण बंदरात शिरणारी ग्रीक जहाजे त्या काळी पहाऱ्यात भरुकच्छास नेली जात. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव करून त्याच्या नाण्यांवर आपला छाप उठविला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली जो १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, त्यातली बहुसंख्य नाणी अशी पुन्हा ठोकलेली आहेत.

इतके हाडवैर. पण त्या वैऱ्यांची एका गोष्टीत एकवाक्यता होती. सातवाहनांच्या घाटात रांजण आहे तसे लेणेही आहे. आणि क्षत्रपांच्या जावयाने नदीच्या उतारावर नाव विनामोबदला ठेवून दोन्ही काठांना मंडप दिले. वाटेवरून उत्पन्न घ्यावयाचे तर वाटेवरच्या माणसाला पाणी आणि आसरा देणे लागते, हा करार कोणत्याही ताम्रपटावर लिहिलेला नसला तरी उभय पक्षांना मान्य होता. कोकणातून चढणाऱ्याला नाणेघाटात प्रथम पाणी भेटते, मग बाक, आणि सर्वांत शेवटी जकात. देशावरून उतरणाऱ्याला हा क्रम अर्थातच उलटा पडतो, आणि रांजणात नाणी टाकून तो जेव्हा लेण्यात येत असेल तेव्हा आपल्या पैशाचा एक अंश तरी या छपरात आहे हे त्याला दिसत असेल. राज्याने काय घेतले आणि काय दिले, हे दोन्ही एकाच चढणीत डोळ्यांना दिसावे, असे दुसरे स्थळ मला ठाऊक नाही.

पुढच्या काळात हा करार अनेकांनी पाळला. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या मुलखाबाहेर, ज्या वाटांवरून त्यांच्या दौलतीला कवडीचाही महसूल नव्हता त्या वाटांवरही, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तेव्हा तर त्यांनी कराराच्याही पलीकडे जाऊन दान केले. इंग्रजी अमदानीत डाकबंगले आले. त्यांची स्वच्छता, त्यांचे रुंद व्हरांडे आणि भोवतालची गर्द झाडी यांचा मी ऋणी आहे. परंतु तेथे मुसाफराआधी त्याचा हुद्दा दाराशी पोहोचे, आणि कामगिरीवरचा अंमलदार आला म्हणजे आधी उतरलेल्या साध्या माणसाने खोली मोकळी करावयाची असे, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही. नाणेघाटातल्या बाकाला हुद्दा कळत नाही. त्या रात्री त्याच्या एका टोकाला सुकटीचे गाठोडे उशाशी घेतलेला कोळी होता आणि दुसऱ्या टोकाला मी. दोघांच्या वाट्याला दगड सारखाच कठीण आणि छप्पर सारखेच अभंग आले होते.

घाटाचा ऱ्हास कसा झाला हे सांगावयास फार शब्द नकोत. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि लमाणांचे बैलतांडे ज्या चिंचोळ्या घाटवाटांनी मीठ आणि धान्य वाहत, त्या एकेक करून ओस पडल्या. रांजणात टाकावयास कुणी उरले नाही. टाक्यांतले पाणी मात्र पावसाळ्यागणिक भरतच राहिले.

पहाटे म्हाताऱ्याने हाक मारली. त्याने निघण्यापूर्वी एक गोष्ट केली, ती सांगतो. चुलीचे तीन दगड त्याने बाजूला नीट लावून ठेवले, राख बाहेर नेऊन टाकली, आणि उरलेल्या काटक्यांची मोळी कोपऱ्यात, पावसाचे पाणी येणार नाही अशा जागी, उभी करून ठेवली. कुणासाठी, असे मी विचारले नाही. टाक्यावर त्याने आपली भोपळ्याची तुंबी भरली, मी माझा फिरकीचा तांब्या भरला, आणि रांजणाला वळसा घालून आम्ही पठारावर आलो. घाटघरला त्याच्या घरी नाचणीची ऊन ऊन आंबील घेऊन मी त्याचा निरोप घेतला. पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत, गूळ मात्र नातवासाठी घेतला.

तेथून मजल दरमजल करीत मोटाररस्त्याला आलो, आणि वाटेतल्या एका गावाच्या वेशीवर, जकातनाक्यापाशी, मोटारीची वाट पाहत थांबलो. अडसर आडवा पडलेला. कांद्याच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागलेली. खिडकीआड कारकून पावत्या फाडीत होता. त्याची घाई खरी होती आणि त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या नाक्याच्या आसपास बसावयास एक दगड नव्हता, झाड नव्हते, पाण्याची घागरही नव्हती. एका गाडीवानाची बायको तान्हे मूल कडेवर घेऊन खिडकीशी गेली आणि तिने पाणी मागितले. कारकुनाने मान वर न करता गावातल्या विहिरीच्या दिशेला हात केला. विहीर बरीच दूर होती आणि पावती फाटताच गाडी हलणार होती.

मी तांब्याची फिरकी उघडून तो तिच्यापुढे धरला. तिने आधी मुलाला पाजले, मग स्वतः प्याली, उरलेले नवऱ्याला दिले, आणि रिकामा तांब्या पदराने पुसून माझ्या हाती परत देताना विचारले, ‘‘लई गार हाय, दादा. कुठलं पानी?’’

मी तिला सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव सांगितले.